तू इलेक्ट्रिकलला आहेस ना?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. आईची फराळाची गडबड चालू. इंडक्शनवर लाडवांचा पाक, शेजारी मिक्सरमध्ये साखर-वेलदोडे, आणि दोघांचेही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात! इंडक्शनची जाड पिन साध्या बोर्डात बसत नाही म्हणून मध्ये कन्व्हर्जन प्लग. सहज बोर्डाच्या वायरला हात लागला, तर चांगलीच गरम. भिंतीतलं सॉकेट एका बाजूने तपकिरी पडलेलं.

आई म्हणाली, "अधूनमधून वास येतो खरा. मला वाटलं दूध उतू गेल्याचा असेल."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मागच्या सुट्टीत दिसलं नाही का?"

काय उत्तर देणार? मागच्या सुट्टीत त्याच बोर्डावर मी मोबाइल चार्ज केला होता.

हिशेब तर व्हायवातल्या पहिल्या प्रश्नाइतका सोपा. इंडक्शन २००० वॅट, मिक्सर ७५० वॅट. २७५० भागिले २३० म्हणजे जवळजवळ १२ अँपिअर. सॉकेट ६ अँपिअरचं. करंट दुप्पट म्हणजे उष्णता चौपट. आय स्क्वेअर आर आपण परीक्षेत डोळे मिटून लिहितो. त्यात सॉकेटची पकड सैल झाली की तिथला रेझिस्टन्स वाढतो आणि सगळी उष्णता तिथेच साचते.

"पण एमसीबी आहे की!" असं बाबाच नाही, आपल्यातलेही बरेच जण म्हणतील. एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने १२ अँपिअर म्हणजे सगळं आलबेल. सॉकेट वितळत असलं तरी तो पडणार नाही. शॉकचंही तसंच. माणसाचा जीव अँपिअरच्या अगदी छोट्या अंशानेही जाऊ शकतो, तेवढ्याचा एमसीबीला पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि धड अर्थिंग लागतं.

मेन बंद करून वायरमनने सॉकेट उघडलं, तेव्हा वायरचं इन्सुलेशन हातात चुऱ्यासारखं गळलं. आता इंडक्शनला स्वतंत्र जाड वायर आणि १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आहे.

आता थोडं होस्टेलबद्दल. किटली, कॉइल, इंडक्शन यांना आपल्याकडे बंदी आहे, आणि जुन्या वायरिंगवर ती योग्यच आहे. पण "सापडल्यास जप्त" एवढंच नोटीसवर असतं. कारण कुणी सांगत नाही. त्यामुळे आपण शिकतो काय, तर किटली गादीखाली लपवायला! भीतीने पाळलेला नियम गेटबाहेर पडला की संपतो, घरापर्यंत पोचत नाही. रेक्टर सरांना विनंती, त्या नोटीसखाली वरचा चार ओळींचा हिशेबही लावा. आणि जमल्यास प्रत्येक मजल्यावर नीट वायरिंग केलेला एक पॉवर पॉइंट द्या, म्हणजे लपवाछपवीच नको.

आणि मित्रांनो, येत्या सुट्टीत घरी गेलात की जेवणाआधी ओट्यामागचं सॉकेट बघा. गरम लागतंय का, रंग बदललाय का, प्लग हलतोय का, अर्थची पिन शाबूत आहे का? आपल्या डिग्रीचा पहिला उपयोग आईच्या स्वयंपाकघरात झाला, तर बिघडलं कुठे?

बघा, पटतंय का!