अंक पहिला, पण कुणासाठी?

मंडळी, नातवाकडचा 'ग्रीन लँटर्न'चा 2011 चा पहिला अंक वाचला. डीसीने तेव्हा 52 मालिका एकपासून सुरू केल्या होत्या. पण इथे गोष्ट मागल्याच भांडणातून पुढे! हिरवी अंगठी जुन्या खलनायकाच्या, सिनेस्ट्रोच्या बोटात. का, ते आधीचं वाचलेल्यालाच कळणार.

1964 साली मुंबईतून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवा. गिरगावातल्या रद्दीवाल्याकडून मुखपृष्ठ फाटलेला अंक आणला तरी अडत नसे. चाचे, कवटीवरची शपथ, बापामागून मुलगा, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही... बहुतेक वेळा दोन-चार चौकटींत हे सांगून मगच गोष्ट सुरू. जाणकार पान उलटत, नवखा तिथे थांबे. (जूनमध्ये मी उजळणी घ्यायचे तेव्हा हुशार मुलं जांभया देत. देऊ देत!)

नातू म्हणतो, आजी, मागचं सगळं नेटवर मिळतं. मिळत असेल, पण मग अंकावर 1 कशाला छापायचा?