कुलूप वाटेचे, दुकानदाराचे नव्हे

बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो, काही ब्राउझरांत शेजारी कुलपाचे चिन्हही दिसते आणि ग्राहक निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा निम्मा रास्त आहे आणि निम्मा घातक.

जुन्या ‘एचटीटीपी’ पद्धतीने पाठविलेला मजकूर पोस्टकार्डासारखा असतो. वाटेत तो कोणालाही वाचता येतो, एवढेच नव्हे तर त्यात फेरफारही करता येतो. सुरक्षित जोडणीत मोबाइल व संकेतस्थळ आधी आपसात एक गुप्त किल्ली ठरवितात. तिच्यावाचून पुढचा मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांचा ढीग. या शास्त्राचा पाया डिफी व हेलमन यांनी १९७६ साली घातला आणि नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास ही सोय ब्राउझरात आणली.

तरीही पुढची वीस वर्षे ती मुख्यतः बँका व दुकानदार यांच्यापुरतीच राहिली. कारण उघड होते. प्रमाणपत्राचा खर्च संकेतस्थळाच्या मालकाने करावयाचा आणि चोरी झाली तर नुकसान मात्र ग्राहकाचे! अशा व्यवहारात मालक हात आखडता घेणारच. २०१० साली ‘फायरशीप’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने, उघड्या वाय-फायवर शेजारच्या टेबलावरील माणसाचे फेसबुक खाते किती सहज ताब्यात घेता येते, हे जगाला दाखविले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांना खुली केली, जुलै २०१८ पासून क्रोमने जुन्या पद्धतीच्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारला. बाजाराने जे आपणहून केले नाही, ते फुकट वाटपाने आणि थोड्याशा बेअब्रूच्या भीतीने घडवून आणले.

परंतु हे प्रमाणपत्र सामान्यतः सांगते तरी काय? एवढेच, की हा पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच बोलणे चालू आहे. तो सचोटीचा आहे, असे ते सांगत नाही. बँकेच्या नावातले एक अक्षर फिरवून कोणी भामट्याने पत्ता नोंदविला, तर त्यालाही तसलेच प्रमाणपत्र मिळते आणि ग्राहकाचा पासवर्ड अत्यंत सुरक्षितपणे चोराच्या हाती पोचतो. क्रोमने २०२३ साली कुलपाचे चिन्ह काढून टाकले, ते याच गैरसमजापायी.

येथे प्रश्न तंत्राचा न राहता जबाबदारीचा होतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दुसऱ्यास दिला असल्यास, बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याच्याच माथी टाकले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाने पत्त्यातले फिरविलेले अक्षर ओळखावे, ही अपेक्षा न्याय्य कशी म्हणावी? या दृष्टीने, सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जावे, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश योग्य दिशेचा होता. हा पत्ता ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. अर्थात महाराष्ट्रातील गावोगावच्या पतसंस्था बँका नसल्याने त्यांचे ठेवीदार या कुंपणाबाहेरच राहतात. त्यांचा विचार सहकार खात्याने करावयास हवा.

बँकांचे कामही पत्ता बदलून संपत नाही. नवा पत्ता प्रत्येक पासबुकावर ठळक छापला पाहिजे आणि एसएमएसमधून लिंक धाडण्याची सवय त्यांनी स्वतःच आधी सोडली पाहिजे. बँक कधीच लिंक पाठवीत नाही, हे एकदा ग्राहकाच्या मनात पक्के झाले, तर भामट्याची लिंक ओळखण्यासाठी त्याला अक्षरे तपासत बसावे लागणार नाही.