घरच्या रोपांचा कैवार

फाल्गुन लागला, पहाटेचा गारवा ओसरून दुपारच्या उन्हाला धार आली, की शहरांतल्या रोपवाटिकांच्या दारांशी वर्दळ वाढते. आणि हौशी गृहस्थ मिरचीची चार, वांग्याची चार अशी तयार रोपे पिशवीत घालून घरी नेतो, कुंड्यांत लावतो आणि आपण भाजीपाला पिकविण्यास आरंभ केला असे समाधान मानतो. त्याच्या समाधानास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्याला तो आरंभ समजतो त्याचा पूर्वार्ध दुसऱ्याच कोणी उरकलेला असतो, आणि माझ्या मते तोच पूर्वार्ध अधिक मोलाचा आहे.

कारण रोप विकत घेताना वाणाची निवड आपण विक्रेत्याच्या स्वाधीन करतो. वाण कोणता म्हणून विचारावे तर ‘हायब्रीड आहे, भरपूर लागतं’ यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. ज्या प्रांतात खानदेशचे भरताचे थोराड हिरवे वांगे, कृष्णाकाठचे काटेरी वांगे आणि नागपूरकडची भिवापुरी मिरची ही त्या त्या मुलखाची नावे लावून बाजारात मिरवतात, त्या प्रांतातील सुशिक्षित माणसाला आपल्या कुंडीतल्या झाडाचे कुळ ठाऊक नसावे, ही मला खेदाची गोष्ट वाटते. शिवाय संकरित झाडाचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले, तर आईबापांचे गुण विखुरतात आणि तेच फळ पुन्हा मिळत नाही. म्हणजे दर हंगामाला पुन्हा विक्रेत्याचे दार आलेच. नारायणगाव, संगमनेर या टोमॅटोच्या पट्ट्यांतील बागायतदार तयार रोपे घेतो तेव्हा त्याच्या हिशेबात ते चोख बसते, कारण महागड्या बियाण्याचा दाणा वाया जाणे त्याला परवडणारे नसते आणि सारा प्लॉट एकाच वेळी तोडणीला यावा लागतो. घरच्या गच्चीवर यांपैकी एकही सक्ती नाही.

सक्ती नाही, आणि साधनेही फारशी लागत नाहीत. फळांचे जुने खोके, तळाला भोके, त्यात चाळलेली माती, मुरलेले शेणखत आणि वाळू समभाग. बोटभर अंतरावर उथळ रेघा ओढून त्यांत बी विरळ सोडावे, वर सेंटीमीटरभर खत-माती भुरभुरावी आणि ओले गोणपाट झाकून ठेवावे. टोमॅटो आठवड्याच्या आत डोके काढतो. मिरची मात्र आठ-दहा दिवस, कधी त्याहून अधिक, माणसाच्या धीराची परीक्षा पाहते. ती उगवते तेव्हा मान वाकवूनच मातीतून वर येते, आणि दोन्ही बीजपत्रांची टोके बियाच्या पिवळसर टरफलात अजून अडकलेली असतात, टोपडे घातलेल्या तान्ह्यासारखी. ते टरफल ओढून काढण्याचा मोह आवरावा, हाताने पाण्याचा एक थेंब त्यावर सोडावा, संध्याकाळपर्यंत ते आपोआप गळते. वांग्याचे रोप जांभळट देठावर उभे राहते, टोमॅटोच्या देठावरची पांढरी लव तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते, आणि खरी पाने फुटण्यापूर्वीच त्याच्या पानाला बोट लावले तर टोमॅटोचा तो उग्र वास बोटाला लागतो.

पहिला कोंब दिसताच गोणपाट काढलेच पाहिजे. एक दिवसाची हयगय झाली तरी रोपे उजेडासाठी ताणली जाऊन फिकट आणि लुळी होतात. त्याहून मोठे संकट अतिपाण्याचे. माती सदा ओली राहिली की तिच्यातील बुरशी रोपाला नेमकी जमिनीलगत धरते. तेथे देठ पाणचट होऊन दोऱ्याइतका बारीक पडतो आणि काल ताठ उभे असलेले रोप आज आडवे झालेले दिसते. शेतकरी यालाच रोपांची मर किंवा कोलमड म्हणतात. बी विरळ पेरणे, झारीने सकाळीच पाणी देणे आणि वारा खेळता ठेवणे, एवढ्याने ती बव्हंशी टळते. मिरचीच्या खोक्यावर बारीक जाळी ताणावी, कारण चुरडा-मुरडा पसरविणारे फुलकिडे आणि पांढरी माशी कोवळ्या रोपावरच प्रथम बसतात. टोमॅटोचे रोप साधारण चार आठवड्यांनी आणि मिरचीचे सहा आठवड्यांनी लावणीला येते. त्यापूर्वी चार दिवस पाणी तोडावे म्हणजे ते कणखर बनते, आणि लावणी नेहमी संध्याकाळी करावी.

ऋतूचा विवेक मात्र आपल्याच पंचांगाने केला पाहिजे. थंड देशांतील पुस्तके वसंतात टोमॅटो पेरावयास सांगतात, कारण तेथे भय हिमाचे असते. आपल्याकडे फाल्गुनात पेरलेला टोमॅटो ऐन वैशाखात फुलावर येतो आणि त्या उष्म्यात फुले फळ न धरताच गळून पडतात. टोमॅटोचे बी पौषात तरी टाकावे, नाही तर थेट ज्येष्ठाची वाट पाहावी. मिरची आणि वांगी उन्हात कोमेजली तरी तग धरतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा बहरतात, म्हणून फाल्गुन त्यांचा. काकडी, दोडका, कारले यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. ती जागेवरच टोकावीत किंवा पिशवीत वाढवून मातीच्या गड्ड्यासह लावावीत.

पण हा सारा खटाटोप ज्यासाठी करावयाचा ती गोष्ट बियाण्याची आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि शिक्क्याशिवाय विकण्याचाही हक्क दिला आहे. सरकारदरबारी दाखल झालेला हा हक्क व्यवहारात जिवंत राहावयाचा, तर बियापासून रोप करणारी माणसे हवीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाण्यांचे वाण गोळा करून, पेरून आणि वाटून टिकविल्याबद्दल. डबीत नुसते ठेवलेले बी टिकत नाही: कांद्याचे बी वर्षभरात निकामी होते, वांगी-टोमॅटोचे तीन-चार वर्षे निभावते. वाण टिकतो तो पेरत राहिल्यानेच.

या कामी कृषी विद्यापीठांनी आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागांनी एक सोपी तजवीज करावी अशी माझी विनंती आहे. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचे बी, पाच-दहा ग्रॅमच्या पुड्यांत, वाणाचे नाव आणि पेरणीचा महिना छापून, प्रत्येक प्रभाग कार्यालयात माफक दराने विक्रीस ठेवावे. राहुरीच्या किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन बी आणणे शहरातील माणसाला शक्य होत नाही, आणि दुकानातील मोठी पुडी घरापुरती लागत नाही. तोवर वाचकांनी गावाकडच्या नातेवाइकांकडून मूठभर वांग्याचे किंवा मिरचीचे घरचे बी मागून घ्यावे, फाल्गुनातच पेरावे, आणि फळ आल्यावर सर्वांत निरोगी झाडावरचे एक फळ न तोडता बियाण्यासाठी राखावे.