बऱ्या दिवसाची शिक्षा

आजारी माणसावर पाळत ठेवावी काय, या प्रश्नावर एखाद्या देशाने सार्वमत घ्यावे, हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना नवल वाटेल. स्वित्झर्लंडमध्ये २५ नोव्हेंबर २०१८ रोजी नेमके हेच झाले. अपघातामुळे किंवा आजारामुळे काम करता येत नाही म्हणून ज्यांना विम्याची रक्कम मिळते, त्यांच्या मागावर गुप्तहेर लावण्याची मुभा देणारा कायदा तेथील संसदेने त्याच वर्षी संमत केला होता. काही नागरिकांनी सह्या गोळा करून त्याला आव्हान दिले आणि प्रश्न मतदारांपुढे गेला. बँकेतल्या खात्याची गुप्तता पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या या देशातील सुमारे ६५ टक्के मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. मला त्या निकालापेक्षा त्यामागच्या मनोवृत्तीचे कुतूहल अधिक वाटते. कारण ती केवळ स्विस लोकांची नाही. ‘हा खरोखरच आजारी आहे की सोंग करतो?’ हा प्रश्न आपल्या घरांतूनही रोज विचारला जातो.

हा कायदा आला तो एका महिलेच्या खटल्यामुळे. १९९५ साली मोटारसायकलची धडक बसून ती जखमी झाली. अपंगत्व किती, यावर तिचा आणि अपघात विमा कंपनीचा वर्षानुवर्षे वाद चालला. २००६ साली कंपनीने पुन्हा वैद्यकीय तपासणी करून घेण्यास सांगितले. तिने नकार दिला. तेव्हा कंपनीने खाजगी गुप्तहेर नेमले. त्यांनी ऑक्टोबर महिन्यात चार दिवस, प्रत्येक वेळी काही तास, तिचा पाठलाग करून चित्रण केले. ते पाहून एका डॉक्टरने तिची अक्षमता अवघी १० टक्के असल्याचा अभिप्राय दिला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ही पाळत वैध ठरवली. मग प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. पाळत केव्हा ठेवायची, किती काळ, चित्रणाचे पुढे काय करायचे, हे स्विस कायद्यात स्पष्ट नसल्याने तिच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय त्या न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१६ रोजी दिला. मात्र हे चित्रण पुराव्यात घेतल्यामुळे सुनावणी अन्याय्य ठरत नाही, असेही त्याने म्हटले. तेव्हा विजय मिळाला तो अर्धाच. पाळत थांबण्याऐवजी पुढे तिला रीतसर कायद्याचे अधिष्ठान मिळाले!

१ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालेला हा कायदा मुळीच बेबंद नाही. संशयाला ठोस आधार हवा. सहा महिन्यांच्या अवधीत जास्तीत जास्त २० दिवस पाळत ठेवता येते. पाळत संपल्यावर त्या माणसाला तसे कळवावे लागते. परंतु चित्रण आणि ध्वनिमुद्रण करायला न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. माणूस कोठे आहे हे सांगणारे यंत्र त्याच्या गाडीला लावायचे असेल, तरच ती लागते. शिवाय सार्वजनिक जागेबरोबरच सार्वजनिक जागेवरून सहज दिसणाऱ्या जागीही कॅमेरा रोखता येतो. मग रस्त्यावरून दिसणाऱ्या बाल्कनीचे काय, यावर प्रचाराच्या काळात बराच वाद झाला. बाल्कनीत कपडे वाळत घालणारा आजारी माणूस हा पुरावा व्हावा काय, असा तो वाद होता.

दुसरी बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. विम्याचा पैसा आकाशातून पडत नाही. तो हजारो लोकांच्या हप्त्यांतून जमतो. पाठ मोडली म्हणून पैसे घेणारा आणि गुपचूप दुसरीकडे ओझी वाहणारा लबाड अगदीच काल्पनिक नाही. त्याला हुडकून काढले नाही, तर त्याचा भुर्दंड प्रामाणिक माणसालाच बसतो. बनावट अपंगत्व प्रमाणपत्रांच्या बातम्या आपणही वाचतो आणि संतापतो. खरा अपंग तर अधिकच संतापतो, कारण लबाडांमुळे लोक त्याच्याकडेही संशयाने पाहू लागतात. म्हणून चौकशीच नको, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो कॅमेऱ्याने टिपलेल्या तासाभराला संपूर्ण सत्य मानण्यावर.

काम करण्याची क्षमता म्हणजे काय? एखादी गोष्ट एकदा करता येणे आणि तीच गोष्ट रोज, आठ तास, आठवड्यातले सहा दिवस करता येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संधिवाताचा रोगी सकाळी कपाची कडी धरू शकत नाही आणि दुपारी बाजारात जाऊन येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात आठवडेच्या आठवडे बरे जातात आणि मग अचानक पाय साथ देईनासे होतात. मणक्यातली गादी सरकलेला माणूस भाचीच्या लग्नात दोन तास उभा राहतो. पुढचे तीन दिवस तो अंथरुणाला खिळून असतो, हे फक्त घरच्यांना ठाऊक असते. मराठीत याला उसने अवसान म्हणतात. उसने घेतलेले परत करावेच लागते. कॅमेरा टिपतो ते अवसान. त्याची फेड बंद दाराआड होते आणि तेथे कॅमेरा पोहोचत नाही. पाळत ठेवणारा रस्त्यावर उभा असल्यामुळे माणूस घराबाहेर पडू शकला तेच दिवस त्याच्या हाती लागतात. न दिसलेल्या दिवसांची नोंद कोण ठेवणार?

मनाच्या आजारात तर हा घोळ आणखीच वाढतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात नैराश्यामुळे दीर्घ रजेवर असलेल्या एका महिलेचा भत्ता विमा कंपनीने बंद केला. वाढदिवस, सहल अशा प्रसंगांची आपली हसरी छायाचित्रे फेसबुकवर पाहून कंपनीने हा निर्णय घेतला, असे तिचे म्हणणे २००९ साली जगभर गाजले. केवळ अशा छायाचित्रांवरून आम्ही निर्णय घेत नाही, असा कंपनीचा खुलासा होता. थोडी करमणूक कर, असे डॉक्टरांनीच सुचवले होते, असे तिने सांगितले. आता रोग्याने काय करावे? हसला तर भत्ता जातो, न हसला तर औषध चुकते!

आणखी एक मुद्दा पैशाचा आहे. अमेरिकेत नोकरदारांना कंपनीमार्फत दीर्घकालीन अपंगत्वाचा विमा मिळतो. दावा खरा की खोटा हे पुष्कळदा विमा कंपनीच ठरवते आणि खरा ठरला तर पैसेही तीच देते. यात हितसंबंधांचा संघर्ष आहे आणि न्यायालयांनी तो लक्षात घ्यावा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले. त्या खटल्यातील महिलेला कंपनीने आधी सांगितले, ‘तुम्हाला कोणतेच काम जमत नाही, असा सरकारी मदतीसाठी अर्ज करा.’ ती मदत मंजूर झाल्यावर तिचा बराचसा फायदा कंपनीलाच मिळाला. नंतर हीच कंपनी म्हणू लागली की तुम्हाला काम करता येते. न्यायाधीश आणि देणेकरी एकच असला की काय होते, हे त्यातून दिसते. अशा देणेकऱ्याच्या खर्चाने नेमलेला गुप्तहेर कोणते चित्रण ठेवील आणि कोणते गाळील, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे असा विमा फारसा रुजलेला नाही; पण अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे गावोगावी चालतात. या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात फार शहाणपणाची भूमिका घेतली. शरीराचे अपंगत्व किती टक्के हे डॉक्टर सांगतील. त्यामुळे कमाई किती बुडाली हे त्या माणसाचा व्यवसाय पाहून ठरवावे. डावा हात गमावलेल्या वाहनचालकाचे किंवा सुताराचे जवळजवळ सारेच जाते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. माणसाच्या साऱ्या आयुष्याकडे पाहण्याची ही दृष्टी चार दिवसांच्या चित्रफितीत नसते. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचेही याच न्यायालयाने सांगितले. मात्र खाजगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करणारे जे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. उद्या असे विमे आपल्याकडे वाढले, तर पाळत ठेवणाऱ्याला कोणता नियम दाखवायचा?

नियम फार अवघड नाहीत. संशयाचे कारण आधी लेखी नोंदवावे. न्यायाधीशाच्या परवानगीवाचून कॅमेरा निघू नये. निवडक तुकड्यांऐवजी सारे चित्रण दावेदाराच्या आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावे, आणि ‘त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले?’ हा प्रश्न त्याला विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये. लबाड एवढ्याने सुटणार नाही. रोज ओझी वाहणारा रोजच सापडेल.

हे झाले कायद्याचे. पण ‘काल तर चांगले हिंडत होते!’ हे वाक्य विमा कंपनीच्या आधी शेजारी, सहकारी आणि कधी कधी सख्खे भाऊही बोलून जातात. ते ऐकले की आजारी माणूस हळूहळू बाहेर पडणे सोडतो, लग्नाला जात नाही, खिडकीतही उभा राहत नाही. दीर्घ आजारात बरे दिवस आधीच मोजके असतात. निदान तेवढे तरी त्याला उजळ माथ्याने जगता यावेत.