बुद्धिमत्तेचा पेपर

शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा एक विषय असतो. समसंबंध, संख्यामालिका, गटात न बसणारे पद, आरशातील प्रतिमा. तळेगाव दाभाडे असो की गडचिरोली, मुलं महिनोन्‌महिने सराव प्रश्नपत्रिका सोडवतात आणि निकालाच्या दिवशी पोरगं हुशार की नाही, याचा निवाडा घरोघरी होतो.

हा निवाडा चुकीचा आहे.

आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसात चाचणी रचली, ती हुशार मुलं निवडायला नव्हे. वर्गात मागे पडणाऱ्यांना वेगळी मदत मिळावी म्हणून. विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी भागाकाराला शंभराने गुणलं आणि ‘आयक्यू’ लोकांच्या तोंडी बसला. आता तो भागाकारही मागे पडला आहे. समवयस्कांत मूल कुठे आहे, एवढंच हा आकडा दाखवतो. सरासरी 100 धरली, तर साधारण 68 टक्के लोक 85 ते 115 च्या दरम्यान येतात.

पण समवयस्क कुठले? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हा प्रश्न मनावर घेतला. परदेशी मुलांचे निकष आपल्या मुलांना लावण्याऐवजी त्यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 मध्ये आलं. पुढे अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयीच्या सिद्धांतावर काम झालं. त्यांच्याआधी मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांना साऱ्या बौद्धिक कामांमागे एक सामान्य क्षमता दिसली होती. गिलफर्ड यांनी बुद्धीची शंभराहून अधिक अंगं मांडली. तो वाद अजून मिटलेला नाही.

चाचण्या थोतांड नाहीत. शाळेतल्या यशाचा अंदाज त्यांवरून बऱ्यापैकी बांधता येतो. मात्र सरावाने गुण वाढतात, आणि घोटून आलेला मुलगा न घोटलेल्यांच्या निकषावर तोलला की आकडा फसवा ठरतो. शिवाय किती तरी गोष्टी त्या पेपरात येतच नाहीत. तेराव्या वर्षी घर सोडलेले, पुढे तळेगावात राहिलेले कादंबरीकार गो. नी. दांडेकर यांची भाषा कुठल्या संख्यामालिकेत शोधणार?

शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेने या विषयाला सरळ ‘तर्कक्षमता’ म्हणावं. आणि नगर परिषदेच्या शाळेत वाचताना अडखळणाऱ्या मुलाची प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून, समोर बसवून, फुकट तपासणी व्हावी. सराव वर्गांची फी भरणाऱ्या पालकांनीही ही मागणी लावून धरायला हरकत नाही.