नाणे कशासाठी जपावे?

भिवंडी हे मागांचे गाव आहे. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, आणि त्याची सवय झालेली माणसे घरी आल्यावरही अंमळ मोठ्यानेच बोलतात. पगाराच्या दिवशी कामगाराच्या हाती आलेल्या नोटा संध्याकाळपर्यंत मोडल्या जातात, आणि भाजीवाला, चहावाला, रिक्षावाला, किराणा दुकानदार यांच्या हातांतून नाणी फिरू लागतात. कोथिंबिरीची जुडी आणावयास पाठवलेल्या मुलाने परत येताना उरलेली नाणी तळहातावर पसरून पाहिली, आणि त्याला सालाच्या आकड्याखाली शंकरपाळ्याच्या आकाराची एक बारीक खूण दिसली, म्हणजे एका छंदाचा आरंभ झाला असे समजावे. या छंदाला भांडवल लागत नाही. रुपयाचे नाणे ठेवून घेतले तर रुपयाच गुंततो, आणि कंटाळा आला तर तोच रुपया बाजारात चालतो.

परंतु त्या मुलाने आपली डबी कोणास दाखवली, की बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : “याचे किती येतील?” विचारणारा वाईट हेतूने विचारतो असे नाही. काटकसरीने संसार करणाऱ्या घरात साठवलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत विचारली जाणे स्वाभाविक आहे. तथापि या प्रश्नात एक मोठी अडचण आहे. तो नाण्याकडे पाहण्यापूर्वीच विचारला जातो, आणि एकदा त्याचे उत्तर मिळाले, की मग नाण्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

वास्तविक पाहण्यासारखे किती तरी असते. शंकरपाळ्यासारखी ती खूण मुंबईच्या टांकसाळीची आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील ही टांकसाळ १८२९ सालापासूनची. त्याच जागी चांदणी असेल तर नाणे हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि कोणतीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे. एवढे कळले, की एकाच वर्षाचा, एकाच ठशाचा रुपया चार निरनिराळ्या गावांहून आलेला दिसू लागतो. पुढे आणखी एक नवल कळते. देशातील टांकसाळी मागणी पुरवू शकत नव्हत्या, तेव्हा, म्हणजे १९८५ साली आणि नंतर गेल्या शतकाच्या अखेरीस, भारताने काही नाणी ब्रिटन, दक्षिण कोरिया, स्लोव्हाकिया, रशिया अशा देशांतील टांकसाळींत पाडून घेतली. घरातल्या जुन्या डब्यात पडलेला १९८५ चा एखादा रुपया वेल्समधील टांकसाळीत जन्म घेऊन, समुद्र ओलांडून भिवंडीच्या मंडईत पोचलेला असू शकतो. भिवंडीत पोटासाठी उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून माणसे आली आहेत. त्यांच्या खिशातील नाण्यांचा प्रवास त्यांच्याहूनही लांबचा निघावा, ही गंमत लहान नाही.

आजीच्या पेटीत भोकाचा पैसा असतो. मुलांना वाटते, की दोरीत ओवण्याच्या सोयीसाठी ते भोक ठेवले असावे. तो पैसा १९४३ ते १९४७ या काळातला आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे तांब्याची टंचाई पडली आणि ते वाचवण्यासाठी नाण्याचा मधला भागच काढून टाकण्यात आला. रुपयाचीही तीच कथा. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. १९४० साली ती निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. साठीच्या दशकात लहान नाणी ॲल्युमिनियमची होऊ लागली, इतकी हलकी, की पाण्यावर अलगद ठेवली तर तरंगत. आज हाती येतो तो रुपया पोलादाचा. चांदीपासून पोलादापर्यंतची ही उतरण शेजारी शेजारी मांडलेल्या पाच नाण्यांत एका दृष्टिक्षेपात दिसते. महागाई म्हणजे काय हे समजावून सांगण्यास अर्थशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगले साधन मिळणे कठीण.

यांत सर्वांत बोलके नाणे म्हणजे १९५७ चा नवा पैसा. त्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता आण्याचे किती? सव्वासहा. पाव पैशाचे नाणे तर नव्हते. तेव्हा एका आण्याच्या वस्तूला सहा नवे पैसे घ्यावेत की सात, यावरून दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात किती शब्दाला शब्द वाढला असेल, याची कल्पना करता येते. नव्या व्यवस्थेची ओळख पटावी म्हणून सरकारने नाण्यावरच खुलासा छापला : एका पैशावर ‘रुपये का सौवाँ भाग’, दहा पैशांवर ‘रुपये का दसवाँ भाग’. जुन्या आणि नव्या पैशात घोटाळा होऊ नये म्हणून जोडलेला ‘नया’ हा शब्द १९६४ साली गळाला. लोकांच्या जिभेवरून मात्र आणे गेले नाहीत. पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जून महिन्याअखेर चलनातून बाद झाले. तोवर त्याला ‘चार आणे’च म्हणत. खरी गोष्ट आजही सोळा आणे खरी असते, कंजूष मनुष्य आजही दमडी सोडत नाही, आणि हिशेब अजूनही पै-पैचा होतो. बाजारातून गेलेली नाणी भाषेने आपल्या गल्ल्यात जपून ठेवली आहेत.

हे सारे रुपया-दोन रुपयांत मिळते. आता नफ्याची बाजू पाहू.

कोणत्याही नाण्याला चढा भाव येतो तो तीन गोष्टी एकत्र आल्या तर : शिल्लक नाणी थोडी हवीत, हाती असलेले नाणे झिजलेले नसावे, आणि ते हवे असणारी माणसे पुष्कळ असावीत. आधुनिक नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडली जातात. तेव्हा पहिलीच अट बहुधा पुरी होत नाही. १९६४ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या स्मरणार्थ रुपयाचे आणि पन्नास पैशांचे नाणे निघाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले स्मारक नाणे. पुढे मोल येईल म्हणून म्हणा किंवा आदराने म्हणा, घरोघर ते बाजूला ठेवले गेले. परिणाम असा झाला, की साठ वर्षांनंतरही ते सहज मिळते. जे सर्वांनी जपले ते दुर्मीळ होत नाही; दुर्मीळ होते ते कोणीच न जपलेले, बाजारात फिरून फिरून झिजलेले किंवा भट्टीत गेलेले. आज सर्वजण ज्याच्या मागे आहेत तेच नाणे साठवून ठेवणारा नफेखोर आपल्याच हाताने त्याचा भाव पाडत असतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

टांकसाळीत एखादे नाणे चुकते. ठसा बाजूला सरकतो, एखादी कड कापली जाते. अशा सदोष नाण्यांना मात्र खरोखरीच भाव असतो, आणि हे भिवंडीच्या माणसाला विचित्र वाटल्याशिवाय राहणार नाही. येथे विणलेला ताका दिव्यापुढून ओढला जातो, तुटलेला धागा दिसला की त्यावर खूण होते आणि कापडाची किंमत उतरते. नाण्याच्या बाबतीत तोच दोष किंमत वाढवतो! परंतु दोष हेरणारा डोळा दोन्हीकडे एकच लागतो. टांकसाळीत चुकलेले नाणे आणि कोणी कानशीने घासून मुद्दाम चुकवलेले नाणे यांतील भेद ज्याला कळतो, त्याचा तो डोळा शेकडो नाणी केवळ आवडीने पाहून तयार झालेला असतो. भावाच्या यादीतून तो येत नाही.

ज्याचा डोळा तयार नाही त्याची काय गत होते, हे गेल्या काही वर्षांत पुष्कळांनी अनुभवले आहे. मोबाइलवर जाहिरात येते : वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा. ते नाणे २०१२ साली निघाले आणि ते अनेकांच्या खिशात असते. मनुष्य हरखून फोन करतो. पलीकडचा गोड बोलतो. प्रथम नोंदणीचे शुल्क मागतो, मग दलाली, मग कर. मागाच्या आवाजात बारा-बारा तास उभे राहून मिळवलेले पैसे एका सायंकाळी जातात, आणि दुसऱ्या दिवशी तो फोन बंद असतो. हा प्रकार इतका वाढला, की भारतीय रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचना द्यावी लागली : जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि बँक त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा दलाली घेत नाही. या फसवणुकीत चोराचा दोष मोठा खराच, पण चोराचे काम सोपे केले ते “याचे किती येतील?” या प्रश्नाने. नाणे किती निघाले, कधी निघाले, एवढे जरी पाहिले असते तरी जाळे टाकणारा रिकाम्या हाताने परतला असता.

याचा अर्थ नाण्यांचा व्यापार निंद्य आहे असा मुळीच नाही. जाणकार व्यापारी नसते तर पुष्कळ जुनी नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती. चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, तेव्हा मोडीचा मोह मोठा. एकाच सालाची दोन नाणी असलेल्या मुलाने एक विकून न मिळालेले साल घेतले, तर तोही व्यापारच, आणि त्यात काही वावगे नाही. किंमत ही नाण्याविषयीची एक माहिती आहे. अनेक माहितींपैकी ती एक असावी, एवढेच.

उलट, केवळ संग्राहकांसाठी म्हणून जी नाणी निघतात, त्यांबद्दल थोडा संशय बाळगणे बरे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० साली हजार रुपयांचे नाणे निघाले. ते देखणे आहे. परंतु ते टांकसाळीतून दर्शनी किमतीहून अधिक दराने पेटीत घालून मिळते आणि पेटीतच राहते; त्याने कधी भाजी घेतलेली नाही. कायद्याने ते नाणे असले तरी व्यवहाराने ते पदक आहे. अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत आपल्या पन्नास राज्यांची चित्रे पाव डॉलरच्या नाण्यांवर छापली. ती नाणी सरळ बाजारात आली, आणि मुलेमुली सुट्या पैशांतून राज्ये गोळा करू लागली. छंदासाठी नाणे काढावयाचे तर ते असे काढावे.

धन म्हणून पुरलेल्या नाण्यांचे पुढे काय होते, याचे एक उदाहरण नाशिकजवळचे आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे जमिनीत चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती सर्व क्षत्रप राजा नहपान याची होती. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. ज्याने तो साठा पुरला त्याला पुन्हा तो उकरता आला नाही. परंतु एका ठशावर उमटलेल्या दुसऱ्या ठशाने सांगितले, की सातवाहनांनी नहपानाचा मुलूख जिंकला, आणि जित राजाचे चलन बदलून घेऊन तेच बाजारात चालवले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ती नाणी ‘आधुनिक’च होती. त्या काळच्या बाजारातही त्यांनी धान्य आणि कापड घेतले असेल.

आता भिवंडीतील चहाच्या गाडीवरही मोबाइलने पैसे देता येतात, आणि नाणे हाती येण्याचे प्रसंग कमी होऊ लागले आहेत. जे पाहावयाचे ते पाहून घेण्याचा हाच काळ आहे. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. नाणे कडेने धरावे. चकाकी यावी म्हणून चिंच किंवा राख लावून घासू नये, कारण त्याने अक्षरे झिजतात. प्रत्येक नाण्याबरोबर ते कोठे व कधी मिळाले याची चिठ्ठी ठेवावी. मुंबईस जाणे झाले तर रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय पाहावे, आणि नाशिककडे गेल्यास अंजनेरीचे.

अशी डबी बाळगणारा मुलगा गावाच्या कामीही येतो. दहा रुपयांची नाणी खोटी आहेत अशी अफवा उठली, आणि अनेक ठिकाणी भाजीवाले, रिक्षावाले ती घेईनात. त्यांवरील चित्रे निरनिराळी, म्हणून संशय आला. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की तोवर निघालेल्या चौदा निरनिराळ्या ठशांची सर्व नाणी खरी आहेत. ज्या मुलाने आपल्या डबीत त्यांतली नऊ-दहा आधीच ओळीने लावून ठेवली होती आणि उरलेली शोधण्यासाठी रोज गल्ल्यात डोकावत होता, त्याला हे सांगावयास बँकेची गरज नव्हती. टोपलीपुढे बसलेल्या मावशींना त्याने ती नाणी पालटून पालटून दाखवली असती, तर त्यांचा दिवसाचा धंदा बुडाला नसता.