मशरूमच्या कॅप्सूल: कॅन्सरच्या रुग्णाला द्याव्यात का?

हल्ली रिपोर्टच्या फाइलसोबत मशरूमच्या कॅप्सूलची बाटलीही माझ्या टेबलावर येते. "डॉक्टर, बाबांची केमो चालू आहे. इम्युनिटीसाठी हे देऊ का?" काही जण हळूच विचारतात, "केमोऐवजी हेच दिलं तर?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही.

मशरूम ही एक बुरशीच. बुरशीच्या पेशीभोवती भिंत असते. ती मुख्यतः कायटिन आणि बीटा-ग्लुकन या पॉलिसॅकराइड्सची, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांची असते. आपल्या पेशींना अशी भिंत नसते. त्यामुळे बीटा-ग्लुकन दिसताच आपल्या पांढऱ्या पेशी ते परके म्हणून ओळखतात आणि सावध होतात. जाहिरातींमधला 'इम्युनिटी'चा दावा इथूनच येतो.

दाव्यात तथ्य किती? शिताके मशरूममधल्या लेंटिनान या बीटा-ग्लुकनला जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पण ते शुद्ध केलेले इंजेक्शन होते आणि केमोच्या जोडीला द्यायचे होते, तिच्या जागी नव्हे. बाटलीतली पावडर म्हणजे ते इंजेक्शन नव्हे. ती सप्लिमेंट म्हणून विकली जाते. लेबल वाचा, औषधी वापरासाठी नसल्याची सूचना त्यावर असायला हवी.

या भिंतीचा खरा उपयोग आयसीयूत दिसतो. कॅस्पोफंगिनसारखे औषध बुरशीला बीटा-ग्लुकन बनवू देत नाही आणि तिची भिंत ढासळते. रक्तातले बीटा-ग्लुकन मोजून कॅन्डिडासारख्या संसर्गाचा अंदाजही घेता येतो. २०२१ मध्ये कोविडनंतर आलेला म्युकरमायकोसिस आठवतो? त्या बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन फारच कमी असते. म्हणून ही तपासणी तिथे भरवशाची नाही आणि कॅस्पोफंगिनही पुरत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन-बीसाठी नातेवाइकांची धावपळ झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

मग तुम्ही काय करावे?

- मशरूमची भाजी आवडत असेल तर नीट शिजवून खा. केमो चालू असताना कच्चे मशरूम टाळा.
- किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झाले असेल, तर प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका.
- कॅप्सूल आधीच सुरू असतील तर लपवू नका. पुढच्या भेटीला बाटली कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. कोणी रागावणार नाही.

आणि केमोची ठरलेली तारीख कोणत्याही बाटलीसाठी चुकवू नका.